‘कन्नड शाळेत शिकलेल्यांना काय कळणार?’

मावशी, सप्रेम नमस्कार.

मी मूळची खानापूर तालुक्यातली. गावात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती, पुढे दहावीपर्यंत एस.टी.ने जाऊन कन्नड शाळेत शिकले. लग्न होऊन बेळगावात आले त्याला पंधरा वर्षं झाली. मुलगा शाळेत जायला लागला आणि मला वाचनाचा नाद लागला. गेल्या सात-आठ महिन्यांत हाताला लागेल ते वाचत सुटले. प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ वाचलं, फार गोड वाटलं. लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ ओट्यावर उघडं ठेवून वाचलं, एका पानावर फोडणीचा डाग पडला. नारळीकरांच्या विज्ञानकथा वाचल्या, कल्पना भारी पण माणसं पुठ्ठ्याची वाटली. इंदिरा संतांच्या कविता खरं सांगायचं तर कळल्या नाहीत. भैरप्पांचं ‘पर्व’ पूर्वी कन्नडमध्ये वाचलं होतं, आता उमा कुलकर्णींचा मराठी अनुवाद वाचला. दोन्ही आवडलं, पण दोन वेगळी पुस्तकं वाचल्यासारखं झालं. का, ते सांगता येत नाही. ‘रुचिरा’सुद्धा कादंबरीसारखं पहिल्या पानापासून वाचलं, हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. आणि ‘मृत्युंजय’ निम्म्यात सोडलं.

आमच्या भागात महिन्यातल्या एका रविवारी दहा-बाराजण एका घरी जमतात आणि प्रत्येकजण वाचलेल्या पुस्तकावर पाच मिनिटं बोलतो. मी म्हणाले, ‘मृत्युंजय’ वाचताना मी थकले, पुढं जाववेना. त्यावर एक ज्येष्ठ गृहस्थ सगळ्यांसमोर म्हणाले, ‘कन्नड शाळेत शिकलेल्यांना त्यातलं मराठी काय कळणार?’ दोघं-तिघं हसले. मी चहाचे कप उचलायचं निमित्त करून आत गेले. दोन महिने झाले, परत गेले नाही. घरचे म्हणतात, सोड तो नाद. मी जावं का? आणि मला पुस्तकातलं खरंच कळतं की नाही, हे मी कसं ओळखू?

– एक वाचक, बेळगाव

•

अगं, जा. पुढच्या रविवारीच जा. उत्तर आधी देऊन टाकते, म्हणजे बाकीचं तू निवांत वाचशील.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. कपांच्या वाक्यापाशी दोन्ही वेळा थांबले, कारण मीही एकदा अशीच आत गेले होते. वीस वर्षांची होते, शिक्षिकेच्या प्रशिक्षणासाठी पुण्याकडच्या एका गावी राहत होते. खोलीतल्या मैत्रिणीला आपल्या बेळगावच्या बोलीत सहज म्हणाले, ‘काय करूलीस गे?’ आणि चौघी पोट धरून हसल्या. त्या वाईट नव्हत्या. पण पुढची दोन वर्षं मी तोंड उघडायच्या आधी प्रत्येक वाक्य मनात धुऊन, पिळून, वाळत घालून मगच बाहेर काढत असे. अशा बोलण्याला चव राहत नाही. पु. लं.नी बेळगावच्या कृष्णराव हरिहरांवर लिहिलेलं ‘रावसाहेब’ मी त्यानंतर वाचलं, ‘गणगोत’मध्ये आहे ते. आमच्या गल्लीत बोलतात तसं कानडी वळणाचं मराठी छापील पुस्तकात, आणि तेही इतक्या मायेनं लिहिलेलं! त्या दिवशी मी वाक्यं धुणं बंद केलं. तुला दोन वर्षं लागू नयेत म्हणून हे सांगतेय.

आता त्या गृहस्थांचं वाक्य. ते दुखावणारं आहे, पण त्याआधी ते चुकीचं आहे, आणि चूक कुठं आहे ते तुला नीट कळलं पाहिजे. ‘मृत्युंजय’चं मराठी संस्कृत शब्दांनी लगडलेलं आहे. कवच, कुंडल, तेज, सारथी, प्रतिज्ञा, अपमान. यातला कुठला शब्द तुला कन्नड शाळेत भेटला नव्हता? कन्नडची पुस्तकी भाषा संस्कृत शब्दांनी मराठीइतकीच भरलेली आहे. ‘प्रतिज्ञे’, ‘सारथि’, ‘कवच’ हे सगळं तू सातवी-आठवीत घोकलेलं असणार. म्हणजे कन्नड शाळेमुळं एखादं मराठी पुस्तक अडायचंच असतं, तर ते हे नव्हे. अडलं असतं ‘झोंबी’सारखं, जिथं मळा, मोट, बैल आणि भाकरी यांचे शब्द पानोपानी आहेत. पण आनंद यादवांचं कागल निपाणीला लागून आहे, त्या बोलीचं तुला परकेपण वाटेलसं नाही. तेव्हा ते गृहस्थ म्हणाले ते दोन्ही बाजूंनी लागू पडत नाही.

ते असं का म्हणाले, हेही सांगते. त्यांची बाजू घ्यायची म्हणून नव्हे, तर तुला त्यांची भीती वाटू नये म्हणून. १९४६ साली बेळगावात साहित्य संमेलन झालं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष होते, आणि संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तिथं झाला. दहा वर्षांनी राज्यपुनर्रचना झाली आणि हे गाव म्हैसूर राज्यात गेलं. १९८६ मध्ये कन्नडसक्तीविरुद्धचं आंदोलन पेटलं. आमच्या घरात १ नोव्हेंबर हा काळा दिवस म्हणून पाळला जायचा, गोडधोड काही व्हायचं नाही. त्या पिढीतल्या माणसाला मराठी शाळा बंद पडणं म्हणजे घरातलं कुणी गेल्यासारखं वाटतं, आणि ते दुःख खरं आहे, माझंही आहे. पण गावात पाचवीचा मराठी वर्ग नव्हता यात दहा वर्षांच्या मुलीचा काय दोष? तू उलट कन्नड शाळेतून बाहेर पडून, संसार सांभाळून, तिशीनंतर आपणहून मराठी पुस्तकांकडे आलीस. त्या गृहस्थांना आयुष्यभर जे व्हावंसं वाटत होतं, ते त्यांच्यासमोर सतरंजीवर बसून बोलत होतं, आणि त्यांना ते ओळखता आलं नाही. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे, तो तिथं चालू दे. वाचनाच्या बैठकीत त्याचा भार तुझ्या एकटीच्या खांद्यावर नको.

आणि तू तर ‘स्मृतिचित्रे’ नुकतंच वाचलंयस! लक्ष्मीबाई कुठल्या शाळेत गेल्या होत्या? लग्नानंतर नवऱ्यानं अक्षरं शिकवली, तीही सुरळीत नाहीत. व्याकरणाची परीक्षा घेतली असती तर बाई पहिल्या फेरीतच बाहेर गेल्या असत्या. त्यांनी लिहिलेलं आत्मचरित्र १९३४ पासून भागाभागांनी आलं, आणि आज मराठी गद्यातली पहिली पाच पुस्तकं काढायला सांगितली तर मी ते डोळे मिटून काढीन. वडिलांच्या सोवळ्याचं वेड, नवऱ्याचं न सांगता घर सोडून जाणं, त्याचं ख्रिस्ती होणं, मधली ताटातूट. एवढं सगळं झालेली बाई कुठंही रडगाणं गात नाही. लहान वाक्यात सांगते आणि पुढं जाते. ओट्यावर ठेवून वाचलंस ते बरोबर ठिकाणी वाचलंस. ते बोलणं स्वयंपाकघरातलंच आहे. डागाबद्दल वाचनालयाचा दंड झाला तर भर, पण वाईट वाटून घेऊ नकोस.

‘मृत्युंजय’बद्दल माझं मत विचारलेलं नाहीस, तरी सांगते. सतराव्या वर्षी मी ते दोन रात्रींत वाचलं आणि उशी भिजवली. शिवाजी सावंत आजऱ्याचे, आपल्या शेजारचेच. १९६७ साली पुस्तक आलं तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्या वयाच्या माणसाच्या हातून कर्णासाठी एवढं मोठं काळीज उघडलं जावं, याचं मला आजही नवल वाटतं. पन्नाशीत पुन्हा वाचायला घेतलं तेव्हा मात्र माझीही तुझ्यासारखीच गत झाली. कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण, कृष्ण हे एकेक जण आपली गोष्ट सांगतात, ही मांडणी फार चांगली आहे. पण वाक्यांचा घाट सगळ्यांचा एकच. डोळे मिटून ऐकलं तर आत्ता कोण बोलतंय ते मला ओळखता येईना. शोण हा सारथ्याच्या घरातला धाकटा भाऊ, त्याच्या तोंडी दुर्योधनाइतकीच भरजरी भाषा का? तू ‘थकले’ म्हणालीस. मला वाटतं, तू दागिन्यांच्या वजनानं थकलीस. ते वजन ज्यांना हवं असतं त्यांना ते सतराव्या वर्षी हवंच असतं, म्हणून तुझा मुलगा मोठा झाला की त्याच्या हातात ते पुस्तक जरूर दे.

दुसरीही गोष्ट आहे. तू ते ‘पर्व’नंतर वाचलंस का? पत्रावरून तसं वाटतं. मग ते जडच जाणार. भैरप्पांनी १९७९ साली लिहिलेल्या त्या महाभारतात देव खाली उतरत नाहीत, चमत्कार होत नाहीत. सुरुवात होते ती मद्र देशातल्या म्हाताऱ्या शल्याच्या घरापासून, नातीच्या लग्नाच्या काळजीपासून. माणसं वयस्कर आहेत, अंग दुखतंय, कोण कुणाच्या बाजूनं लढणार याचे हिशेब चाललेत. त्या कोरड्या मातीतून चालून आलेल्या माणसासमोर एकदम सोन्याचा रथ उभा केला, तर त्याला तो ओढवत नाही. पुस्तक कुठल्या पुस्तकानंतर हाती येतं यावर मत फार अवलंबून असतं, आणि मत सांगताना तेही सांगून टाकावं. ‘मी हे पर्वनंतर वाचलं’ एवढं म्हणालीस तरी ऐकणारा निम्मं समजून घेतो.

‘पर्व’ दोन भाषांत वाचल्यावर दोन वेगळी पुस्तकं वाटली, का ते सांगता येत नाही, असं तू लिहिलंयस. तुझ्या पत्रातलं मला सगळ्यात मोलाचं वाटलं ते हेच वाक्य. मी त्याच्यावर चार दिवस घोळत होते. माझा एक अंदाज आहे, तो तू पडताळून बघ.

कन्नडमध्ये ‘नानु होदे’ म्हटलं की पुरुष बोलतोय की बाई ते क्रियापदावरून कळत नाही. मराठीत ते लपवताच येत नाही. ‘मी गेलो’ किंवा ‘मी गेले’, यातलं एक निवडावंच लागतं. ‘नीनु होदे’चंही तसंच. आपण ‘तू गेलास’ आणि ‘तू गेलीस’ वेगळं करतो, कन्नड करत नाही. आता ‘पर्व’ आठव. माणसं मनातल्या मनात आठवत बसलेली असतात, पानंच्या पानं. कुंतीचं मन चालू असतं, द्रौपदीचं चालू असतं, भीमाचं चालू असतं. कन्नडमध्ये त्या ‘नानु’च्या आतलं दुःख आधी माणसाचं म्हणून येत असणार, ते बाईचं की पुरुषाचं हे प्रसंगावरून मागून कळत असणार. मराठीत मात्र पहिल्या क्रियापदालाच बाई समोर येऊन उभी राहते. द्रौपदीचं प्रकरण वाचताना तुला असं काही झालं होतं का? झालं असेल, तर तुझ्या बैठकीत हे सांगणारी तू एकटीच असशील. नसेल झालं, तर माझा अंदाज चुकला, आणि खरं कारण काय ते तूच शोध.

उमा कुलकर्णींचं काम कसं चालायचं ते ठाऊक आहे का तुला? त्या मूळच्या बेळगावच्याच. त्यांचे यजमान विरूपाक्ष कन्नड पुस्तक मोठ्यानं वाचत, टेपवर ध्वनिमुद्रित करून ठेवत, आणि उमाताई ते ऐकून मराठीत उतरवत. म्हणजे आपल्याकडे मराठीत आलेले भैरप्पा आधी कानातून आलेत, डोळ्यांतून नव्हे. म्हणून तो अनुवाद बोलल्यासारखा वाटतो. ‘वंशवृक्ष’च्या अनुवादासाठी त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि या सगळ्या प्रवासाबद्दल त्यांनी ‘संवादु अनुवादु’ लिहिलं. ते तू पुढं कधीतरी वाच. दोन भाषांच्या उंबऱ्यावर बसून एखादी बाई काय काय करू शकते, ते त्यात आहे.

आता तुझ्याशी भांडते.

‘वनवास’ला तू ‘फार गोड’ म्हणालीस आणि पुढं गेलीस. हे तुझं एकमेव मत मला पटलं नाही, कारण ते मतच नाही. गोड तर बेळगावचा कुंदाही असतो. त्यातला पोरगा लंपन हुशार आहे, मॅडसारखा विचार करतो, वेडेवाकडे आकडे फेकतो, हे सगळं हसवणारं आहे हे खरं. पण पुस्तकाचं नाव परत वाच. आईवडील आणि बहीण एका गावी, आणि हा पोरगा आजी-आजोबांकडे दुसऱ्या गावी. आजी-आजोबा जीव लावतात, तरी हे वनवासच. त्याला ते धड सांगता येत नाही, म्हणून तो आकड्यांत आणि बडबडीत लपवतो. प्रकाश संत स्वतः बेळगावात आजोळी वाढले. वडील नारायण संत १९४६ मध्ये गेले, तेव्हा ते नऊ वर्षांच्या आसपासचे होते. पुढं ते कराडला भूगर्भशास्त्र शिकवत राहिले, आणि ‘वनवास’ पुस्तकरूपानं आलं १९९४ साली, साठी जवळ आली तेव्हा. एवढी वर्षं जपून ठेवलेल्या गोष्टीला ‘गोड’ म्हणून मोकळं होऊ नये गे. एक प्रसंग निवड, जिथं तू हसलीस, आणि त्याच्या आधीचं पान वाच. हसू कशावर बसलेलं आहे ते दिसेल.

आणि लंपनच्या लेखकाची आई म्हणजे तुला न कळलेल्या इंदिराबाई. १९४६ साली नवरा गेला, पदरात लहान मुलं, बेळगावातच नोकरी, आणि पुढची पन्नास वर्षं कविता. त्या कवितेत मृत्यूबद्दल मोठ्यानं काही म्हटलेलं नसतं. संध्याकाळ असते, पाऊस असतो, रिकामं अंगण असतं, आणि कुणीतरी तिथं नसतं. तू बहुतेक त्या कविता ‘पर्व’च्या वेगानं वाचल्यास, एका बसणीत चाळीस. कविता तशी हाताला लागत नाही. रात्री झोपायच्या आधी एक वाच, मोठ्यानं वाच, अर्थ शोधू नकोस. दुसऱ्या दिवशी भांडी घासताना एखादी ओळ आपोआप परत आली, तर ती कविता तुला कळली असं समज. आठ दिवसांत एकही ओळ आली नाही, तर पुस्तक परत कर आणि त्यांच्या गद्यापासून सुरुवात कर. ‘मृद्गंध’मध्ये त्यांचे आत्मपर लेख आहेत. आधी बाईंची ओळख होऊ दे.

नारळीकरांबद्दल तुझं म्हणणं निम्मं मान्य. माणसं पुठ्ठ्याची आहेत खरी, ती बहुतेक कल्पनेला चालायला पाय हवेत म्हणून असतात. पण त्या कल्पनेला हात लावून बघितलास का? ‘उजव्या सोंडेचा गणपती’ आठव, डाव्याचं उजवं आणि उजव्याचं डावं होण्याची गोष्ट. वर्तमानपत्राची एक लांब पट्टी काप. एक टोक अर्धा पीळ देऊन दुसऱ्या टोकाला चिकटव. आता मुलाला सांग, पेन न उचलता मधोमध रेघ ओढत जा. रेघ पट्टीच्या दोन्ही बाजूंनी फिरून सुरू झाली तिथंच येऊन मिळेल, कारण त्या पट्टीला आता दोन बाजू नाहीतच, एकच आहे. हे करून मग गोष्ट परत वाच. माणसं पुठ्ठ्याचीच राहतील, पण कल्पना नुसती ‘भारी’ राहणार नाही, ती तुझ्या बोटांत असेल. आणि एक गोष्ट तुझ्या कामाची: नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पहिली विज्ञानकथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावानं. जगात नाव झालेला शास्त्रज्ञ, पण परीक्षकांनी नाव बघून नव्हे, गोष्ट बघून काय ते ठरवावं, असं त्यांना वाटलं. कुठल्या शाळेत शिकलात हे न विचारता ऐकून घ्या, असंच तूही मागतेयस. नारळीकर आणि भैरप्पा दोघंही २०२५ मध्ये चार महिन्यांच्या अंतरानं गेले. तुझ्या यादीत ते शेजारी-शेजारी बघून मला भरून आलं.

‘रुचिरा’चं लपवू नकोस. कमलाबाई ओगल्यांनी वाटी-चमच्याच्या मापात सगळं सांगितलं, म्हणून नव्यानं संसार मांडलेल्या मुलींच्या तीन पिढ्या स्वयंपाक शिकल्या. सरळ, नेमकं मराठी कसं लिहावं हे मला काही कादंबऱ्यांपेक्षा त्या पुस्तकातून जास्त कळलं. शिवाय त्यावर मत देणं सोपं आहे. करून बघायचं आणि घरच्यांचं ताट बघायचं.

तुझा शेवटचा प्रश्न, कळतंय की नाही ते कसं ओळखायचं? मी शाळेत चाळीस-चाळीस मुलांना धडे शिकवले, आणि माझी एकच खूण होती. मुलाला विचारायचं, ‘कुठं?’ आवडलं, कुठं आवडलं? कंटाळा आला, कुठल्या पानावर आला? जो बोट ठेवून दाखवतो त्याला कळलेलं असतं, मग त्याचं मत माझ्यापेक्षा वेगळं असेना का. जो ‘छान आहे’ म्हणून खिडकीबाहेर बघतो त्याला कळलेलं नसतं, मग तो पहिल्या नंबराचा का असेना. तू एक साधी वही कर. पुस्तक संपलं किंवा सुटलं की त्याच रात्री, कुणाशी बोलायच्या आधी, तीन-चार ओळी लिही. कुठं थांबलीस, कुठं परत मागं गेलीस, कुठल्या वाक्याला फोडणी जळली. शब्द अडला तर तोही लिही आणि सवडीनं शब्दकोशात बघ. शब्द सगळ्यांचेच अडतात, माझे आजही अडतात. आणि त्या ओळी कन्नडमध्ये सुचल्या तर कन्नडमध्येच लिही. पुस्तक मराठी आहे म्हणून विचारही मराठीतच करायला पाहिजे, असं कुणी सांगितलंय?

रविवारचं आता. जायच्या आधी ज्यांच्या घरी बैठक असते त्या बाईंना फोन कर. तक्रार नको, रडणंही नको. ‘मागच्या वेळच्या त्या बोलण्याचं मला वाईट वाटलं, म्हणून दोन महिने आले नाही, या वेळी पर्ववर बोलणार आहे’ एवढंच सांग. हसलेल्यांपैकी एखादी तरी त्या दिवसापासून मनात खात असेल, तिलाही बरं वाटेल. ते गृहस्थ पुन्हा तसं काही म्हणाले, तर त्यांच्याकडे बघून शांतपणे म्हण, ‘काका, मला त्यातलं मराठी कळलं. मला ते आवडलं नाही. कुठलं पान ते दाखवते.’ आणि पान दाखव. मग ते वाद घालतील, घालू देत. पुस्तकावर वाद घालणाऱ्या माणसानं तुला वाचक म्हणून धरलेलं असतं. आणि या वेळी कप दुसऱ्या कुणाला उचलू दे.

पुढं काय वाचू, असं तू विचारलेलं नाहीस, पण राहवत नाही. निपाणीचे महादेव मोरे २०२४ मध्ये गेले. पिठाची गिरणी चालवत त्यांनी लिहिलं. तंबाखूच्या वखारीतल्या बाया, ड्रायव्हर, गॅरेजमधली पोरं, सगळं आपल्याच भागातलं. वाचनालयात त्यांचं जे मिळेल ते घे. आपलं सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचं आहे, तिथली कपाटं चाळायला एक अख्खी दुपार काढ. आणि बानू मुश्ताक यांच्या कथा. २०२५ मध्ये त्यांना आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं आणि सगळीकडे लोक इंग्रजी अनुवाद शोधू लागले. तुला अनुवाद शोधायची गरजच नाही, तू त्या कथा मूळ कन्नडमध्ये वाचू शकतेस, पुण्या-मुंबईच्या किती वाचकांना ते जमेल? थंडीत कडोली, येळ्ळूर, उचगावकडे साहित्य संमेलनं सुरू झाली की मुलाला घेऊन ग्रंथदिंडीला जा. तिथं शेतातून आलेले लोक मांडवात बसून चार-चार तास कविता ऐकतात, कुणी कुणाची शाळा विचारत नाही.

एक काम मात्र माझ्यासाठी कर. मला कन्नड बोलता येतं, पण लिपी अजून अक्षराला अक्षर जुळवत वाचावी लागते, ओळ संपेपर्यंत सुरुवात विसरते. ‘पर्व’मधलं द्रौपदीचं एखादं पान तू कन्नडमधून मोठ्यानं वाच, मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि पाठव. मराठी पुस्तक माझ्याकडे आहे. ते समोर उघडून मी ऐकेन, आणि तुझ्या त्या ‘दोन वेगळ्या पुस्तकां’चं काय आहे ते आपण फोनवर बोलू. घाई करू नकोस, सावकाश वाच.